इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगनंतर टेक्निकल सेल्स: ठाण्यात दोन ऑफर, कुठली घेऊ?

खारेगावकर
नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय तेव्हा सांभाळून घ्या. यंदा बीई इलेक्ट्रिकल झालं, नवी मुंबईतल्याच कॉलेजातून, मार्क बरे आहेत म्हणजे फार ग्रेट नाहीत पण केटी पण नाही. कॅम्पसला सगळे आयटीवालेच आले आणि मला कोडिंग करायचंच नव्हतं, त्यामुळे बाहेर शोधत होते. आता दोन ऑफर हातात आहेत आणि दोन्ही सेल्सच्या.

पहिली वागळे इस्टेटला, एका मोठ्या ब्रँडच्या डिस्ट्रिब्युटरकडे सेल्स इंजिनिअर. स्विचगिअर (ब्रेकर, लोड चालू-बंद करणारे कॉन्टॅक्टर), मोटरचा स्पीड बदलणारे ड्राइव्ह, कॅपॅसिटर वगैरे. हातात २२ हजार, फिरण्याचा खर्च वेगळा, इन्सेन्टिव्ह 'परफॉर्मन्सवर' एवढंच लिहिलंय. दुसरी ऐरोलीला, मल्टिनॅशनल, इनसाइड सेल्स. हातात २९ पण पेरोल तिसऱ्याच कंपनीचा आणि एक वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट. बाबा म्हणतात दोन्ही सोड आणि महापारेषणची तयारी कर. आईचं म्हणणं विकायचंच होतं तर चार वर्षं मशीन्स कशाला शिकलीस. मला माणसांशी बोलायला आवडतं, लॅबमध्ये पण मजा यायची, पण टार्गेट बिर्गेट ऐकलं की पोटात गोळा येतो. कोणी या लाइनमध्ये असेल तर प्लीज खरं खरं सांगा.

उगाच
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. मल्टिनॅशनल घे, लग्नाच्या बायोडेटात बरं दिसतं.

सकाळची_७_०४
उगाच, तुमचा आयडी सार्थ आहे.

बसबार
ताई, मी स्विचगिअरच्या सेल्समध्येच म्हातारा झालो, आधी डिस्ट्रिब्युटरकडे मग कंपनीत, त्यामुळे जरा लांबण लावतो.

पगार आणि ब्रँडचं नाव तात्पुरतं बाजूला ठेव आणि दोघांनाही एकच गोष्ट विचार, की मी रोज भेटायचं कोणाला? कारण सेल्स इंजिनिअर हे एकच पद कार्डावर छापलेलं असलं तरी आत चार वेगवेगळ्या नोकऱ्या असतात. कोणी पॅनलवाल्यांकडे, म्हणजे ब्रेकर बसवलेली कपाटं बनवणाऱ्यांकडे जातो, तिथे रेट आणि डिलिव्हरी चालते, त्याला तुझं थिअरी नको, सोमवारी एमसीसीबी (मोठा ब्रेकर) मिळणार का ते हवं. कोणी कन्सल्टंटकडे जातो, तिथे माल विकायचाच नसतो, मेकलिस्टमध्ये आपलं नाव घालून घ्यायचं असतं आणि त्या खेपेची ऑर्डर दीड दोन वर्षांनी कॉन्ट्रॅक्टरकडून येते, आली तर. कोणी मशीन बनवणाऱ्यांकडे जातो, तिथे एकदा त्यांच्या डिझाइनमध्ये तुझा ड्राइव्ह बसला की प्रत्येक मशीनमागे एक जातो आणि दुसऱ्याला आत यायला जड जातं. आणि कोणी थेट फॅक्टरीच्या मेंटेनन्सवाल्याकडे जातो. शिकायला सगळ्यात जास्त या शेवटच्याकडे मिळतं, कारण त्याच्याकडे बंद पडलेलं काहीतरी कायम असतं.

आता तुझ्या दोन ऑफर याच्यावर घासून बघ. डिस्ट्रिब्युटरकडे तुला फॅक्टऱ्या देणार असतील तर २२ हजारात जा म्हणेन. पण पॅनलवाल्यांकडून चेक गोळा करायला ठेवत असतील तर नको. ऐरोलीचं इनसाइड सेल्स म्हणजे बहुतेक आलेल्या एन्क्वायरीला कॅटलॉग नंबर शोधून ऑफर काढणं आणि फोनवर फॉलोअप. वाईट नाही, प्रॉडक्ट रेंज तोंडपाठ होते, सिस्टीम कळते, स्पेशल प्राइस कशी मंजूर होते ते कळतं. पण वर्षभर खुर्चीत बसून गिऱ्हाइकाचं तोंड दिसणार नाही.

बाबांना सांग महापारेषणची परीक्षा कुठे पळून जात नाही, जाहिरात निघाली की फॉर्म भर. जाहिरातीची वाट बघत घरी बसू नकोस एवढंच.

खारेगावकर
बसबार काका खूप खूप धन्यवाद!! हे चार प्रकार कोणीच सांगितले नव्हते. इंटरव्ह्यूला मला फक्त 'यू आर कॉन्फिडंट' म्हणाले. एक बाळबोध शंका, मेकलिस्ट म्हणजे?

बसबार
मोठ्या प्रोजेक्टला कन्सल्टंट टेंडरबरोबर यादी देतो, एसीबी (मेन ब्रेकर) या तीन कंपन्यांचा चालेल, केबल या चार कंपन्यांची, असं. त्या यादीत नसशील तर फुकट दिलास तरी घेत नाहीत. ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात जी डेटा सेंटरं उभी राहतायत तिथे हाच खेळ आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं एवढा ट्रान्सफॉर्मर, डिझेल जनरेटर, यूपीएस, बसडक्टचा माल लागतोय म्हणजे दारात जाऊन कार्ड दिलं की झालं. गेटवरचा सिक्युरिटीच आत सोडत नाही. निर्णय झालेला असतो कन्सल्टंटच्या ऑफिसात, तू पोचेपर्यंत तिथे केबल ओढून झालेली असते.

पॅनलवाला_रबाळे
मी गिऱ्हाईक आहे. म्हणजे हे सेल्सवाले ज्याच्याकडे येतात तो. एलटी म्हणजे लो व्होल्टेजची पॅनल बनवतो, छोटं युनिट आहे.

बसबारसाहेब म्हणतात पॅनलवाल्याला थिअरी नको, थोडं खरं आहे पण पूर्ण नाही. माझ्याकडे दिवसाआड कोणीतरी पोरगा येतो, खुर्चीत बसतो, 'सर काही एन्क्वायरी?' विचारतो, चहा पितो, जातो. त्याचं नाव पण लक्षात राहत नाही. एक जण मात्र होता, मी त्याला ५० केए च्या, म्हणजे शॉर्टसर्किटला ५० हजार अँपिअर तोडू शकणाऱ्या, एमसीसीबीचा रेट मागितला तर म्हणाला सर ट्रान्सफॉर्मर केवढाय? म्हटलं १००० केव्हीए, ४३३ व्होल्ट, ५ टक्के इम्पिडन्स. तिथल्या तिथे कागदावर केलं, फुल लोड १३३३ अँपिअर, भागिले ०.०५, म्हणजे शॉर्टसर्किट झालं तर साधारण २७ केए. म्हणाला ३६ केए च्या ब्रेकरने भागतंय, ५० कशाला लावताय, पुढे दुसरा ट्रान्सफॉर्मर पॅरलल करणार असाल तर वेगळी गोष्ट. क्लायंटशी बोलून तसं बदललं, पॅनलचा रेट खाली आला आणि ऑर्डर मला लागली. आता मी त्याला सोडेन का सांगा? त्याने कंपनी बदलली तर मी ब्रँड बदलला.

तेव्हा ताई, हे एवढं गणित तुला सेकंड इयरला शिकवलेलंच आहे. शंभरातल्या नव्वद सेल्सवाल्यांना समोर बसून करता येत नाही म्हणून सांगतोय. टक्केवारी माझ्या वैतागाची आहे, सर्व्हेची नाही.

उगाच
ब्रँड बदलला म्हणता, पण लेबल तर तुम्ही चारही ब्रँडची लावून ठेवता असं ऐकलंय रबाळ्याला.

पॅनलवाला_रबाळे
या कधीतरी युनिटवर, पाहुणचार करतो तुमचा. आणि डुप्लिकेट माल कुठे मिळतो ते मुंबईच्या लोहार चाळीत जाऊन विचारा. तिथे प्रामाणिक होलसेलर ढिगाने आहेत पण गल्ली चुकली की एमसीबीच्या खोक्यात काय निघेल सांगता येत नाही.

अंबरनाथ_स्लो
मी दुसरी बाजू सांगतो कारण सगळे गोड गोड बोलतायत. मी पण डिस्ट्रिब्युटरकडेच सुरुवात केली, नाव नाही सांगत. इन्सेन्टिव्ह होता ऑर्डरवर असं तोंडी सांगितलेलं. मार्च एंडिंगला कंपनीकडून मालकाला टार्गेट, मालकाकडून मला, म्हणून जिथे महिन्याला दहा कॉन्टॅक्टर लागतात तिथे मी पन्नास कोंबले, गिऱ्हाईक म्हणाला ठेव, पैसे सवडीने देतो. टार्गेट झालं, टाळ्या झाल्या, पेढे पण वाटले. एप्रिलमध्ये इन्सेन्टिव्ह मागायला गेलो तर मालक म्हणे पेमेंट आलं की. पेमेंट आलं पावसाळ्यात, अर्धा माल परत आला आणि माझ्या हिशोबातून व्याज कापलं वर. लेखी काहीच नव्हतं मग भांडणार कशाच्या जोरावर.

तेव्हा 'परफॉर्मन्सवर' या शब्दाला भुलू नको ताई. कलेक्शनवर असेल तर तसं लिहून घे, किती दिवसांत आलं तर किती टक्के ते पण लिहून घे.

बसबार
अंबरनाथ शंभर टक्के बरोबर. कोंबाकोंबी सगळीकडे चालते, मोठ्या कंपन्यांत पण, फक्त तिथे तिला जरा बरं नाव असतं. आणि कलेक्शनवर इन्सेन्टिव्ह असणं चूक नाही म्हणेन मी, उलट चांगली सवय लागते. ऑर्डर घेण्याआधी पार्टी कशी आहे ते बघायला शिकतेस. चूक आहे ती आधी एक सांगायचं आणि नंतर दुसरं करायचं ही.

पॅनलवाला_रबाळे
पेमेंटचा विषय निघालाच आहे तर, इन्कम टॅक्सचं ४३बी एच म्हणून ओळखलं जाणारं कलम ताईला माहीत असू दे. मायक्रो किंवा स्मॉल युनिटचे पैसे ४५ दिवसांत दिले नाहीत, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, पैसे देईल त्या वर्षी धरायचा. ते आल्यापासून मार्चमध्ये मोठ्या पार्ट्यांचे अकाउंटंट स्वतःहून मला फोन करायला लागले, हे सुख आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. पण ते बनवणाऱ्याला आणि सर्व्हिस देणाऱ्याला, नुसती ट्रेडिंग करणाऱ्याला नाही. म्हणजे तुझा डिस्ट्रिब्युटर त्यात बसत नाही, त्याला आपल्या जिभेवरच वसुली करावी लागते.

नेरूळची_निशाचर
धागाकर्ती मुलगी आहे हे कोणी लक्षात घेतलेलं दिसत नाही म्हणून मी लिहिते. मी ड्राइव्ह आणि ऑटोमेशन विकते, टीटीसी एमआयडीसी दिघ्यापासून नेरूळपर्यंत आणि वर तळोजा.

पहिलं म्हणजे टॉयलेट. हो, हेच पहिलं. छोट्या युनिटमध्ये लेडीज टॉयलेट नसतं किंवा असतं त्याला स्टोअरचं कुलूप असतं. मी दिवस असा आखते की सकाळी दोन छोटी युनिटं, मग एक मोठी कंपनी जिथे रिसेप्शन आहे, मग परत छोटी. कोणी ट्रेनिंगमध्ये हे शिकवत नाही. दुसरं, सेफ्टी शूज स्वतःचे घे, गेटवर देतात ते जेन्ट्स नऊ नंबर. तिसरं, सुरुवातीला मेंटेनन्सवाले विचारतात 'मॅडम, तुमचे इंजिनिअर कधी येणार?' राग येतो पण उत्तर देऊ नकोस, ड्राइव्हच्या कीपॅडवर पॅरामीटर वाच. मग विचारत नाहीत. मग घरचं इन्व्हर्टर बंद पडलं तरी तुलाच फोन.

आणि एमआयडीसीत सुट्टी रविवारीच असते असं धरू नको, बऱ्याच ठिकाणी शुक्रवारी असते. आधी विचारून जा नाहीतर ठाणे-बेलापूर रोडला रिक्षा शोधत उभी राहशील उन्हात.

टार्गेटला घाबरतेस म्हणालीस. टार्गेट पहिल्या वर्षी कोणी गंभीरपणे घेत नाही, व्हिजिट रिपोर्ट मागतात फक्त. खरी भीती वेगळी आहे, आपल्याला येत नसलेल्या गोष्टीला हो म्हणायची. उदाहरण देते. सगळे कॅटलॉग ओरडतात ड्राइव्ह लावा वीज वाचवा. पंप आणि फॅनला स्पीडच्या घनाने पॉवर कमी होते, ८० टक्के स्पीडला साधारण ५१ टक्के, हे पुस्तकात आहेच. पण पाणी उंच टाकीत चढवायचं असेल तर तो स्टॅटिक हेड कुठे जाणार, तेवढी बचत होतच नाही, आणि फार हळू केलास तर पंप पाणी टाकेनासा होतो. एक्स्ट्रुडर, कन्व्हेयर यांना तर हा नियम लागूच नाही, तिथे टॉर्क तेवढाच लागतो. हे माहीत असूनही 'हो सर ५० टक्के वाचेल' म्हणणारे लोक आहेत. सहा महिन्यांनी गिऱ्हाईक बिल काढून समोर ठेवतो तेव्हा ते दुसऱ्या कंपनीत गेलेले असतात आणि शिव्या खायला माझ्यासारखी नवीन येते.

खारेगावकर
नेरूळची ताई दंडवत _/\_ टॉयलेटचं तर डोक्यातच आलं नव्हतं. आईला हे वाचून दाखवलं तर नोकरीच नको म्हणेल, बाबांना दाखवते.

जुना_मीटर
मी ठाणे-बेलापूर रोडच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो, आता निवृत्त. आमच्या वेळी या रोडला संध्याकाळी शिफ्ट सुटली की बसला जागा नसायची. कळव्याला सीमेन्स, आणि स्विचगिअर म्हटलं की एलअँडटी. तो एलअँडटीचा स्विचगिअर धंदा २०२० ला श्नायडरकडे गेला आणि २०२४ पासून लॉरिट्झ नुडसन नावाने येतो, पण आमच्या तोंडात अजून एलअँडटीच बसलंय. असो, अवांतर झालं.

मला सेल्सवाले कसे लक्षात राहिले ते सांगतो. शेवटची काही वर्षं होती. छपरावर सोलर बसवलं, मॅनेजमेंट खूश. पण बिलात पॉवर फॅक्टर (घेतलेल्या केव्हीएत खऱ्या कामाच्या किलोवॅटचा हिस्सा) घसरला, पार पाऊणच्या आसपास. महावितरणने एचटी (हाय टेन्शन) ग्राहकांना १ एप्रिल २०२० पासून केडब्ल्यूएचऐवजी केव्हीएएच वर बिलिंग चालू केलेलं, त्यामुळे घसरलेला पॉवर फॅक्टर सरळ युनिटमध्येच दिसायला लागला. तीन कंपन्यांचे लोक आले आणि तिघांनी नवीन एपीएफसी (लागतील तसे कॅपॅसिटर आपोआप जोडून पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या) पॅनलचं कोटेशन दिलं, एकापेक्षा एक मोठं.

चौथा आला तो तुझ्याएवढाच पोरगा. त्याने कोटेशन दिलं नाही, बारा महिन्यांची बिलं आणि एसएलडी (वीजजोडणीचा सिंगल लाइन नकाशा) मागितला. मग मला कागदावर समजावलं. समजा लोड ४०० किलोवॅट, पॉवर फॅक्टर ०.९५, म्हणजे रिअॅक्टिव्ह (मोटरच्या चुंबकत्वाला लागणारी, प्रत्यक्ष काम न करणारी पॉवर) साधारण १३१ केव्हीएआर. दुपारी सोलरने २५० किलोवॅट दिले, ग्रिडमधून आले फक्त १५०. पण सोलर नुसते किलोवॅट देतंय, ते १३१ केव्हीएआर तेवढेच ग्रिडमधून येतायत. १५० आणि १३१ चा त्रिकोण काढला की केव्हीए २०० आणि पॉवर फॅक्टर ०.७५. लोड तोच, मशीन तीच, कोणी काही बिघडवलेलं नाही.

आणि आमचा जुना एपीएफसी गप्प का होता, तर त्याचा सीटी (करंट मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) लोडच्या बाजूला होता. त्याला ०.९५ दिसत होता, तो खूश. पॅनलमध्ये कॅपॅसिटरच्या स्टेप (गट) न वापरता पडून होत्या. पोरगा म्हणाला नवीन पॅनल नको, सीटी ग्रिडची वीज आत येते त्या मेन इनकमरला न्या आणि रिलेचं सेटिंग बदला. अजून एक म्हणाला, तुमचे जे फिक्स कॅपॅसिटर आहेत ते रात्री आणि सुट्टीच्या दिवशी पण चालू राहतात, तेव्हा पॉवर फॅक्टर लीडिंगला (उलट्या बाजूला) जातो, आणि केव्हीएएच मोजताना लीड पण धरतात, फुकट मिळत नाही ते. त्यांना कॉन्टॅक्टरवर घ्या.

सीटीची केबल आणि दोन कॉन्टॅक्टर एवढाच माल त्याचा विकला गेला. त्याच्या साहेबाने त्याला काय म्हटलं असेल देव जाणे. पुढच्या बजेटला कंप्रेसर आणि कूलिंग टॉवरचे ड्राइव्ह घ्यायचे होते, परचेसने तीन कोटेशन मागवायला सांगितली. मी तिन्ही मागवली, नियम आहे, पण स्पेसिफिकेशन त्या पोराला शेजारी बसवून लिहिलं.

पॅनलवाला_रबाळे
+१. स्पेसिफिकेशन शेजारी बसून लिहिलं यातच सगळं आलं. परचेसवाला मग रेटवर कितीही नाचो.

एक जोड द्यायची होती, प्लांटमध्ये ड्राइव्ह वाढले की नुसते कॅपॅसिटर लावू नयेत, हार्मोनिकने (ड्राइव्हमुळे येणाऱ्या जास्त फ्रिक्वेन्सीच्या करंटने) फुगतात. कॅपॅसिटरला जोडून ७ टक्के डीट्यून्ड रिअॅक्टर (एक कॉइल) घालतात, आणि रिअॅक्टर आला की कॅपॅसिटरवर व्होल्टेज वाढतं म्हणून ४४० चा कॅपॅसिटर चालत नाही, ५२५ चा घेतात. हे न सांगता साधा कॅपॅसिटर विकणारे मी बघितलेत, वर्षात परत ऑर्डर येते म्हणून खूश असतात ते.

सकाळची_७_०४
जुना मीटर काका, मेकॅनिकल झालोय पण हे सगळं कळलं, तुम्ही शिकवायला हवं होतं. माझा प्रश्न, मेकॅनिकलवाल्यांना ही लाइन चालते का?

नेरूळची_निशाचर
पंप, कंप्रेसर, व्हॉल्व्ह, बेअरिंग, हायड्रॉलिक, सगळीकडे हेच आहे. वेगळा धागा काढ ना, इथे ताईची ऑफर लटकलीय.

खारेगावकर
अपडेट देते. काल दोन्हीकडे फोन केला, बसबार काकांनी सांगितलेलं विचारलं. ऐरोलीच्या एचआरला 'मी रोज कोणाला भेटणार' विचारलं तर म्हणाली 'यू विल बी स्टेकहोल्डर फेसिंग'. परत विचारलं तर तेच वाक्य. डिस्ट्रिब्युटरच्या मालकांनी स्वतः फोन घेतला, म्हणाले पहिले तीन महिने काउंटर आणि स्टोअर, माल ओळखायला शीक, मग वागळे आणि कळवा ते रबाळे फॅक्टऱ्या. कलेक्शन अकाउंट्सची दोन माणसं करतात पण गिऱ्हाईक तुझं असेल तर फोन तुलाच करावा लागेल. इन्सेन्टिव्ह लिहून मागितलं तर जरा थांबले, मग म्हणाले बघतो, देतो. शेवटी म्हणाले 'एवढं कोणी विचारत नाही'. हे चांगलं की वाईट कळलं नाही.

बसबार
चांगलं. तीन महिने काउंटर म्हणाले ना, तिथेच मन लावून शीक. कॉन्टॅक्टरच्या एसी-१ आणि एसी-३ रेटिंगमधला फरक काउंटरवर परत आलेल्या जळक्या मालावरून जेवढा कळतो तेवढा कुठल्या लेक्चरला कळत नाही. हीटरला लावायचा तो मोटरला लावून टाकतात लोक. बाँड आहे का विचार, दोन वर्षांचा बाँड मागितला तर नाही म्हण. ऑफर लेटरवर इन्सेन्टिव्ह आलं की सही कर, आलं नाही तर ऐरोली पण वाईट नाही, वर्षभर कॅटलॉग पाठ करून बाहेर पडशील.

अंबरनाथ_स्लो
'बघतो, देतो' म्हणजे देत नाहीत हा माझा अनुभव. मेल टाक आजच, जे बोलणं झालं ते लिहून, 'आपल्या बोलण्याप्रमाणे' असं म्हणून. उत्तर आलं नाही तरी मेल राहतो.

उगाच
बायोडेट्याचं काय मग?

खारेगावकर
उगाच काका, बायोडेट्यात 'स्टेकहोल्डर फेसिंग' लिहीन :)

मेल टाकला. जुना मीटर काका, तुम्ही बिलाचं सांगितलंत म्हणून तळोज्याला माझ्या मामाचं प्लास्टिक मोल्डिंगचं युनिट आहे त्याचं एचटी बिल मागवून बघितलं. ग्राहक क्रमांक वगैरे झाकून आकडे देते. केडब्ल्यूएच ६१,२०० आणि केव्हीएएच ६८,०००. म्हणजे पॉवर फॅक्टर ०.९० बरोबर ना? ०.९८ केला तर केव्हीएएच साधारण ६२,४५० होतात, म्हणजे ५,५५० युनिटचा फरक एका महिन्यात. एपीएफसी पॅनल आहे म्हणतो मामा, जुना. सोलर नाहीये. मग ०.९० का?

जुना_मीटर
गणित बरोबर. युनिटचा दर बिलावर छापलेलाच आहे, त्याने गुण आणि मामाला रुपयात सांग, युनिटमध्ये कोणी ऐकत नाही. शिवाय डिमांड चार्ज पण केव्हीएवर असतो, ती बचत वेगळी धर, पण जपून, कॉन्ट्रॅक्ट डिमांडचा (महावितरणशी ठरलेल्या केव्हीएचा) ठराविक हिस्सा वापरला नाही तरी भरावाच लागतो.

पॅनल जुना आहे म्हणतेस तर नवीन घ्यायच्या आधी आतले कॅपॅसिटर जिवंत आहेत का बघ. इलेक्ट्रिशियनला सोबत घे, स्वतः हात घालू नको, कॅपॅसिटर बंद केल्यावर पण चार्ज धरून असतो. त्याला क्लॅम्प मीटरने प्रत्येक स्टेपचा, प्रत्येक फेजचा करंट घ्यायला सांग. ४४० व्होल्टला २५ केव्हीएआरचा कॅपॅसिटर साधारण ३३ अँपिअर घेतो. वीसच्या खाली दाखवत असेल तर तो नावालाच उरलाय. एका फेजला शून्य असेल तर फ्यूज नाहीतर कॉन्टॅक्टरचा कॉन्टॅक्ट गेलाय, तो तर शे-दोनशे रुपयांत पण सुटू शकतो.

पॅनलवाला_रबाळे
आणि रिलेचा डिस्प्ले काय दाखवतो तो फोटो काढ. मोल्डिंगवाल्यांचं लोड सेकंदासेकंदाला खालीवर होतं, कॉन्टॅक्टरवाला एपीएफसी तेवढा पळू शकत नाही. कॅपॅसिटर सगळे ठीक निघाले तर मग थायरिस्टर स्विचिंगचं (कॉन्टॅक्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक स्विच) बोलू. आधी क्लॅम्प मीटर.

खारेगावकर
मामा म्हणतो शुक्रवारी युनिट बंद असतं, चालू असताना मोजायचं तर शनिवारी सकाळी ये, इलेक्ट्रिशियन पण असतो. नऊला पोचते. बूट स्वतःचे नाहीयेत अजून, नेरूळची ताई लेडीज सेफ्टी शूज ठाण्यात कुठे मिळतात?

नेरूळची_निशाचर
स्टेशनच्या आसपास शोधत बसू नको, साइझ नाही मिळत. ऑनलाइन मागव, नेहमीच्या चपलेपेक्षा एक नंबर मोठा, जाड मोजे लागतात आत. शनिवारपर्यंत नाही आले तर साधे रबर सोलचे बंद बूट घाल, सँडल अजिबात नको.